कू वी रपच्या दलदलीतला पेपरबार्क

उन्हाळ्याच्या तोंडावर झाड मुळासकट खणून काढायचं, त्याची निम्म्याहून जास्त मुळं करवतीने कापायची, अंगावर एक पान शिल्लक ठेवायचं नाही, आणि वर ते पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये उभं करून ठेवायचं. पुण्यात ज्या काकूंकडे मी बोनसाय शिकले त्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मारायचंच असेल तर सरळ ॲसिड घाल की." पण स्वॉम्प पेपरबार्क नावाच्या या झाडाला नेमकं हेच मानवतं.

मी मेलबर्नच्या आग्नेय टोकाला, क्रॅनबर्नला राहते. इथून आणखी पुढे गेलं की कू वी रपचा सपाट मुलूख लागतो. आज तिथे ॲस्परॅगसची शेतं आहेत, बटाटे आहेत, गाईगुरं आहेत. दीडशे वर्षांपूर्वी मात्र ही व्हिक्टोरिया राज्यातली सर्वांत मोठी दलदल होती, सुमारे ४०,००० हेक्टरची, आणि तिच्यावर हा पेपरबार्क इतका दाट वाढलेला की आत शिरायला वाट मिळत नसे. १८८९ च्या सुमारास सरकारने मोठा कालवा खणायला घेतला. पुढे इटलीहून आलेल्या कार्लो कतानी या इंजिनिअरच्या देखरेखीखाली हे काम वाढत गेलं आणि दलदलीचं पाणी वेस्टर्न पोर्टच्या खाडीत काढून दिलं गेलं. खाली निघाली ती काळीभोर, लोण्यासारखी माती. पेपरबार्क उरला तो नाल्यांच्या काठाने, रस्त्यांच्या कडेने आणि कुंपणांलगत.

शास्त्रीय नाव मेलाल्युका एरिसिफोलिया. हे आपल्या जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरीच्या कुळातलं झाड आहे. पान चुरडलं की ते लगेच कळतं. भारतातून फोन आला की हमखास विचारतात, "यातूनच ते टी ट्री ऑइल काढतात ना?" नाही. ते याच्याच एका भावंडापासून निघतं, मेलाल्युका अल्टर्निफोलियापासून, आणि ते झाड इथलं नाही, पार वर न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातलं. आमच्या झाडाचा उपयोग वेगळा. पान जेमतेम सेंटिमीटरभर लांब आणि बारीक असतं, त्यामुळे ते लहान करून घ्यायची खटपट करावी लागत नाही. जून खोडावर कुठेही नवे डोळे फुटतात. आणि साल! पांढरट, मऊ, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक सुटणारी. जपानी पाइनला म्हातारपण दिसायला अनेक दशकं लागतात, पेपरबार्क मनगटाएवढा जाड झाला की म्हातारा दिसायला लागतो.

आता झाड मिळवायचं कसं? पुण्यात आम्ही जुन्या वाड्यांच्या भिंतीतून उगवलेले वड आणि पिंपळ काढून आणायचो. भिंत पाडणारच असायची, मालक वर चहा पाजायचा. इथे तसं नाही. राष्ट्रीय उद्यानातून, राखीव जंगलातून, रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यातून काडीही उचलायची नाही. खासगी जमिनीवरसुद्धा देशी झाडं काढायला व्हिक्टोरियात एरवी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. फक्त काही ठराविक कामांना सूट आहे आणि त्यातलं एक म्हणजे कुंपणालगतची ठराविक रुंदीची पट्टी साफ ठेवणं. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला नवं कुंपण घालायचं होतं. त्याने कौन्सिलला विचारून घेतलं होतं, मी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि फोनमध्ये ठेवल्या. कुणी विचारलं नाही, पण गाडीच्या डिकीत भलामोठा बुंधा घेऊन निघाल्यावर तो कागद जवळ असलेला बरा.

त्या कुंपणाची खरी गंमत अशी की तिथली झाडं वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या स्लॅशरखाली, म्हणजे मागे जोडलेल्या गवत कापायच्या यंत्राखाली, आली होती. दरवर्षी वरून छाटली जायची आणि दरवर्षी पुन्हा फुटायची. त्यामुळे उंची गुडघ्याएवढी आणि बुंधा मात्र मांडीएवढा. जपानमध्ये डोंगरावरचा वारा आणि बर्फ जे काम करतो ते इथे एका कंटाळलेल्या ट्रॅक्टरने केलं होतं. बोनसायवाले डोंगरातून आणलेल्या झाडाला यामादोरी म्हणतात. इथे डोंगर नाही, सगळं सपाट आहे, पण कच्चा माल तितकाच अस्सल.

निवड करताना मी वर अजिबात बघत नाही. वरचं सगळं कापलंच जाणार असतं. गुडघ्यावर बसायचं, बुंध्याभोवतीचं गवत उपटायचं आणि हाताने माती बाजूला करत जायचं. हे झाड मुळांवरून नवे कोंब काढत पसरतं. एक अख्खं बेट एकाच झाडाचं असू शकतं. म्हणून वरून देखणा दिसणारा बुंधा खाली निव्वळ एका जाड, आडव्या मुळावर टांगलेला निघतो. त्याला स्वतःची बारीक मुळं जवळपास नसतातच, तो धाकट्या भावंडांच्या जिवावर जगत असतो. असे बुंधे मी सोडून दिले. शेवटी एक सापडला. खाली एकत्र जुळलेली तीन खोडं, एक जाड, एक मध्यम, एक किरकोळ. जाड खोड जमिनीपाशीच वाकून मग वर गेलेलं. माती दूर केल्यावर तीन बाजूंना केसाळ मुळांचे झुबके दिसले. चौथ्या बाजूला ते आडवं मूळ होतंच, पण ते कापलं तरी चालणार होतं.

२०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, आम्ही गेलो. थंड प्रदेशातल्या पानगळीच्या झाडांना हिवाळ्याच्या शेवटी, झोपेत असताना उचलतात. पेपरबार्क असा झोपत नाही. त्याची मुळं गरम मातीत झपाट्याने वाढतात, गार मातीत कापलेली मुळं तशीच पडून राहतात आणि कुजतात. त्यामुळे इथली देशी झाडं करणारे बहुतेक जण रिपॉटिंग (कुंडी आणि माती बदलणं) आणि खणणं उबदार महिन्यांत करतात. त्या वर्षी ला निना नावाची हवामानाची स्थिती होती, पूर्व ऑस्ट्रेलियात पाऊस भरपूर होता आणि मातीत ओल होती. त्याचाही फायदा झाला.

गवतात शिरण्याआधी नवऱ्याने काठी आपटत एक फेरी मारली. नाल्याकाठी टायगर स्नेक नावाचे विषारी साप असतात आणि नोव्हेंबरात ते ऊन खायला बाहेर पडलेले असतात. जाड बूट, लांब पँट, हातमोजे. साप दिसला नाही, डासांनी मात्र कसर भरून काढली.

काम तसं दोन तासांचं. आधी वरची खोडं हव्या त्या उंचीपेक्षा थोडी वरच कापली, कारण कापलेल्या टोकापासून खाली थोडं लाकूड वाळत येतं. ती जागा नंतर कोरता येते. मग बुंध्याभोवती वीतभर अंतर सोडून कुदळीने चर खणला. आडवं मूळ बॅटरीवर चालणाऱ्या करवतीने कापलं. माती पाती लगेच बोथट करते, म्हणून जुनं पातं वापरायचं. शेवटी पहार आडवी घालून गड्डा उचलला तेव्हा खालून चिखलाचा 'च्वॅक' असा आवाज आला आणि खड्ड्यात लगेच पाणी भरायला लागलं. शेतकरी बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "आमचे आजोबा ही झाडं काढायला घोडे जुंपायचे, आणि तू पैसे देऊन पेट्रोल जाळत इथवर आलीस." पैसे त्याने घेतले नाहीत. चकल्यांचा डबा मात्र ठेवून घेतला.

मुळं मोकळ्या हवेत काही मिनिटांत सुकतात आणि एकदा सुकलेली बारीक मुळं परत जिवंत होत नाहीत. गड्डा लगेच ओल्या पोत्यात गुंडाळला, वर प्लॅस्टिक बांधलं. घरी येऊन पाण्याच्या पाइपने दलदलीची सगळी माती धुऊन काढली. ही माती ओली असताना छान असते, पण कुंडीत ती घट्ट बसते आणि एकदा वाळली की पाणी आत घेत नाही. धुतल्यावर खरी मुळं दिसली. खालची जाड मुळं करवतीने सपाट कापून टाकली, इतकी की बुंधा फरशीवर स्वतःच्या पायावर उभा राहिला. हे पहिल्याच दिवशी करून टाकलेलं बरं. पुढे उथळ कुंडीत जायचं तर खाली जाड खुंट नकोतच.

कुंडी म्हणजे भाजीवाल्याकडचा ब्रोकोलीचा थर्माकोलचा खोका. इथले निम्मे बोनसायवाले हाच वापरतात, फुकट असतो आणि मुळांना ऊन लागू देत नाही. तळाला भोकं पाडली. मिश्रणात प्युमिस आणि झिओलाइट (दोन्ही सच्छिद्र दगडांचे दाणे) आणि थोडी पाइनच्या सालीची चुरी, बारीक धूळ चाळून काढलेली. बुंधा तारेने खोक्याला असा आवळला की हलवला तर खोका हलेल, बुंधा नाही. नवं मूळ दोऱ्याएवढं असतं, झाड वाऱ्याने डुललं की ते तुटतं. हे आवळणं मला खतापाण्याहून महत्त्वाचं वाटतं. मग अख्खा खोका दोन बोटं पाणी भरलेल्या ट्रेमध्ये ठेवला. बाकी बहुतेक झाडांना असं ठेवलं तर मुळं कुजतील. हे झाड मुळात पाण्यात उभं राहणारं. ट्रेमधलं पाणी दर काही दिवसांनी बदलायचं, एवढंच पथ्य. नाहीतर डासांची पैदास होते आणि शेजारी बोलायला येतात.

पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर होती. तिला तो बिनपानांचा, तीन खुंटांचा ठोकळा दाखवला. ती म्हणाली, "एवढे पैसे घालवून परदेशी गेलात, आणि सरपण गोळा करताय?"

डिसेंबरच्या मध्यावर सरपणाला डोळे फुटले. आधी दिसतं ते असं: सालीवर एखाद्या ठिकाणी पापुद्रा किंचित उचलला जातो, त्याखाली फिकट हिरवा ठिपका असतो. काही कोंब सालीखालीच अडकतात आणि दुमडून आडवे वाढतात. तिथे चिमट्याने पापुद्रा अलगद दूर करावा लागतो. एकदा सुरुवात झाली की मग थांबत नाही, खोडावर, कापलेल्या कडेला, पार मुळांजवळ, दिसेल तिथे. जानेवारीत ट्रेच्या पाण्यात पांढरी मुळं उतरलेली दिसली. पाण्यात मुळं दिसली म्हणजे झाड जगलं, असं आमच्या बोनसाय क्लबातले एक सत्तरीचे गृहस्थ सांगतात. ते आयुष्यभर देशी झाडंच करत आले आहेत आणि जपानी मेपलचं नाव काढलं की जांभई देतात.

त्यांचा दुसरा नियम: पहिलं वर्ष कात्रीला सुट्टी. फांद्या वाढू द्यायच्या, कितीही वेड्यावाकड्या झाल्या तरी. मुळं जितकी बनतात ती वरच्या पालवीच्या जोरावर. मी फक्त एका जागी दहा-बारा फुटलेले कोंब असतील तिथले तीन-चार ठेवून बाकीचे बोटाने मोडले, नाहीतर त्या जागी गाठ फुगते. खत दिलं ते ट्रेमधलं पाणी बदलताना, थोडं थोडं, नेहमीचंच. बँक्सिया हे इथलं दुसरं देशी झाड असतं तर विचार करावा लागला असता. बँक्सियाच्या कुळातल्या झाडांची मुळं फॉस्फरस इतक्या हावरटपणे ओढून घेतात की साध्या खतानेही झाड मरू शकतं. त्यांना कमी फॉस्फरसचं वेगळं खत मिळतं. पेपरबार्कचं असं काही नाही.

तार घालायची वेळ हा या झाडातला सगळ्यात नाजूक भाग. जून लाकडातून फुटलेला कोंब पहिल्या काही महिन्यांत नुसता सालीला चिकटलेला असतो. वाकवला की कोंब मोडत नाही, बुडापासून अख्खा निखळून हातात येतो. उलट वर्षभर थांबलं तर फांदी ताठ होते आणि हवी तशी वळत नाही. मधला काळ पकडायचा. मी कोंब पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचा झाल्यावर ॲल्युमिनियमची तार घातली, आणि वाकवताना डाव्या हाताचा अंगठा फांदीच्या बुडाशी दाबून धरला. जिथे भीती वाटली तिथे तार न गुंडाळता फांदीला दोरी बांधून खाली ओढून ठेवली. वाढीच्या दिवसांत तार काही आठवड्यांत रुतते. मेपलवर असा व्रण पडला तर तो वर्षानुवर्षं डोळ्यात खुपतो. पेपरबार्क नवीन साल काढून व्रण झाकून टाकतो, त्यामुळे इथे मी थोडी निर्धास्त असते.

एक गोष्ट मात्र या झाडाशी वाद घालून चालत नाही. फांदी कापायची तर तिच्यावर पुढे थोडी पालवी राहिलीच पाहिजे. खोड उघडं केलं तर दहा ठिकाणी फुटतं, पण बारीक फांदी उघडी केली तर बहुतेक वेळा झाड ती सोडून देतं आणि दुसरीकडे नवी काढतं. सावलीतल्या आतल्या काड्याही तशाच वाळतात. म्हणून वरचा शेंडा सतत आवरत राहावं लागतं, तेव्हा कुठे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं.

आता आकार. इथे माझं आणि जपानी पुस्तकांचं जमत नाही. त्यांच्या नियमाने गेलं तर एक सरळसोट त्रिकोण, डावी फांदी, उजवी फांदी, मागची फांदी, प्रत्येकीवर सपाट ढगासारखी पालवी. इथल्या प्रदर्शनांत असे पेपरबार्क बघितले आहेत. कौशल्य वादातीत, पण ते पाइनचं सोंग घेतलेले पेपरबार्क वाटतात. मी उलट केलं. क्रॅनबर्नच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये केवळ ऑस्ट्रेलियन झाडांची बाग आहे, आणि आमच्या घराभोवतीच्या नाल्यांवर रानटी पेपरबार्क आहेतच. वही घेऊन जायची आणि रेघोट्या काढायच्या. मोठं पेपरबार्क खरं दिसतं कसं? खोडं बरीच, एकमेकांपासून दूर झुकलेली. खालच्या फांद्या जवळजवळ नाहीतच, सावलीने मेलेल्या. पालवी सगळी वर, खोडांच्या टोकांना, तुटक पुंजक्यांत, आणि त्या पुंजक्यांतून आरपार आभाळ दिसतं. कॅनबेराच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये देशातला बोनसायचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथली देशी झाडं पाहून माझी खात्री पटली की चांगले लोक हेच करतात, ते झाडाला त्याच्या गावासारखं दिसू देतात.

त्यामुळे मी खालचे कोंब सगळे काढले आणि वरच्यांना उभं, मग टोकाशी बाहेर वळवलं. कापलेली खोडांची टोकं सपाट होती, ती छोट्या ग्राइंडरने कोरून तिरकी आणि पोकळ केली. रानातही फांदी तुटून खोड असंच पोकळ होतं. कोरताना सालीच्या कडेपासून लांब राहिले, कारण तिथला जिवंत थर दुखावला की साल मागे सरकते. आणि साल सोलली नाही. लोंबणारे कळकट पापुद्रे तेवढे हाताने काढले. काही जण प्रदर्शनाआधी खोड अगदी गुळगुळीत पांढरं करतात, मला ते न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं.

२०२३ च्या डिसेंबरात थर्माकोलचा खोका सोडवला. खोका कापूनच काढावा लागला, मुळांनी भोकं बुजवून टाकली होती. खालच्या बाजूने गड्ड्याचा तिसरा हिस्सा कापला, कडा विंचरल्या आणि झाड एका उथळ प्लॅस्टिकच्या ट्रेनिंग कुंडीत, म्हणजे आकार घडेपर्यंतच्या तात्पुरत्या कुंडीत, गेलं. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या वागण्यात काही फरक दिसला नाही, यावरून या मुळांच्या ताकदीची कल्पना यावी. काकूंना फोटो पाठवला, त्यांनी ॲसिडचा विषय काढला नाही, फक्त मिश्रणाचं प्रमाण विचारलं.

नव्या पालवीवर एक नजर कायम ठेवते. मर्टल रस्ट नावाचा बुरशीचा रोग ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्यांदा सापडला, आणि तो नेमका याच कुळातल्या झाडांवर येतो. कोवळ्या पानांवर पिवळेधमक पुरळ दिसतात. माझ्याकडे अजून दिसले नाहीत, पण दुसऱ्याच्या बागेतून आल्यावर कात्र्या स्पिरिटने पुसल्याशिवाय मी या झाडाजवळ जात नाही. फुलं गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा आली, फिकट पिवळसर ब्रशसारखी, बोटाच्या पेराएवढी, मधमाश्यांनी भरलेली. ती फांद्यांच्या टोकांना येतात. म्हणजे सारखी छाटणी केली तर फुलं नाहीत, आणि फुलं हवीत तर हिवाळ्याआधीपासून कात्री बाजूला ठेवायची. मी एक वर्ष आड फुलं घ्यायचं ठरवलं आहे.

सध्या वाद आहे तो तिसऱ्या खोडावरून. ते किरकोळ आहे, मागे झुकलेलं आहे आणि दुसऱ्या दोन खोडांच्या मधून डोकावतं. क्लबातल्या त्या गृहस्थांचं म्हणणं, "काप. दोन खोडांची गोष्ट स्वच्छ होईल." मुलीचं म्हणणं, तेच एक खोड नाल्याकाठच्या झाडांसारखं दिसतं, बाकी दोघं फोटोसाठी उभी आहेत. मी मुलीच्या बाजूची. कुंभाराला अंडाकृती, उथळ, बिनचकाकीची करड्या मातीची कुंडी सांगितली आहे, आणि माप तिन्ही खोडांच्या हिशेबाने दिलं आहे.